शेवटाकडून मागे मोजूया : ल माँच्या मोटार शर्यतीला तंबू घेऊन जाण्याचं नियोजन (इयत्ता पाचवी, वर्गप्रकल्प)



सहलीचं पत्रक मुलांच्या हातात पडतं तेव्हा त्यावर सगळं ठरलेलं असतं. तारीख, वेळ, वर्गणी, डबा, पाण्याची बाटली. मूल फक्त पालकांची सही आणायला घरी जातं. 'नियोजन' हा शब्द आपण वर्गात दहा वेळा वापरतो, पण नियोजन करायची वेळ आली की ते मोठी माणसंच करून टाकतात. मग हेच मूल पुढे बारावीला अर्जाच्या शेवटच्या दिवशी दाखल्यासाठी धावताना दिसतं.

यावर उपाय म्हणून पाचवीच्या वर्गात सहा तासिकांचा एक प्रकल्प घेतला. सहल मुद्दाम लांबची आणि अवघड निवडली : फ्रान्समधली २४ तासांची मोटार शर्यत, आणि मुक्काम तंबूत. आपण जाणार नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण नियम, तारखा आणि गणितं खरी घ्यायची, असं ठरलं.

प्रकल्पाची थोडक्यात माहिती

विषय : गणित (वेळ, वजन, पैसे), परिसर अभ्यास, मराठी
कालावधी : ६ तासिका
साहित्य : पृथ्वीगोल, कॅलेंडर, वजनकाटा, जुन्या पुठ्ठ्याची कार्डं, दोरी
मुख्य उद्दिष्ट : शेवटची वेळ धरून मागे मोजत कामांचा क्रम लावता येणे

हाच विषय का?

नाशिकच्या मुलांना मोटार काही नवी नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांचे आईवडील कामाला आहेत, अशी मुलं बऱ्याच वर्गांत असतात. सातपूरला महिंद्राच्या गाड्या तयार होतात, सिएटचे टायर तयार होतात, बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. मोटार रॅलीही नाशिककरांनी पाहिलेल्या आहेत. तंबूंचं तर विचारूच नका, सिंहस्थात तपोवनात उभं राहणारं साधुग्राम घरातल्या मोठ्यांनी पाहिलेलं असतंच. त्यामुळे विषय परदेशातला असला तरी मुलांना तो परका वाटत नाही.

शिक्षकांसाठी आवश्यक माहिती

ल माँ हे पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटरवरचं शहर. स्पेलिंगच्या शेवटी 'एस' असला तरी फ्रेंच उच्चार 'ल माँ' असा आहे. इथली २४ तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. दरवर्षी जूनमध्ये शनिवारी दुपारी ४ वाजता ती सुरू होते आणि रविवारी दुपारी ४ वाजता संपते. मार्गाची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. त्यातला काही भाग एरवी साधा रहदारीचा रस्ता असतो आणि शर्यतीसाठी बंद केला जातो.

मुलांना समजेल असं सांगायचं तर नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतर जवळपास दोन फेऱ्यांएवढं आहे. सर्वांत वेगवान गाड्या एक फेरी साधारण साडेतीन मिनिटांत मारतात, म्हणजे त्र्यंबक सात मिनिटांत! २०१० साली विजेत्या गाडीने २४ तासांत ३९७ फेऱ्या, म्हणजे सुमारे ५,४१० किलोमीटर अंतर कापलं. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, ती भूगोलाच्या पुस्तकातून मुलांनाच शोधायला सांगा आणि दोन्ही आकड्यांची तुलना करू द्या.

आपल्याकडचा दुवा हवा असेल तर चेन्नईचा करुण चंढोक २०१२ साली या शर्यतीत उतरला आणि त्याच्या संघाची गाडी सहावी आली. २००६ साली डिझेलवर चालणारी गाडी इथे पहिल्यांदा जिंकली, तिची इंधन यंत्रणा बॉशची होती. ती काही नाशिकला बनलेली नव्हती, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण बाबा कारखान्यात ज्या प्रकारचा भाग हाताळतात तो कशासाठी असतो, हे मुलांना इथे कळतं आणि त्यांची मान ताठ होते.

तासिका १ : घड्याळ आणि सूर्य

जूनमध्ये फ्रान्सचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिथे दुपारचे ४ वाजतात तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे शर्यत सुरू होते तेव्हा आपल्याकडे सूर्य मावळून गेलेला असतो, आणि तिथे अजून सहा तास उजेड बाकी असतो! जूनच्या मध्याला ल माँमध्ये सूर्यास्त रात्री सुमारे १० वाजता होतो. पृथ्वीगोलावर नाशिक २० अंश उत्तर आणि ल माँ ४८ अंश उत्तर अक्षांशावर दाखवा, बॅटरीचा उजेड पाडा. दिवस इथे साधारण सव्वातेरा तासांचा आणि तिथे सोळा तासांचा का, यावर मुलं आपणहून बोलू लागतात.

मग हे उदाहरण द्या (वेळा सोयीसाठी धरलेल्या आहेत) : मुंबईहून गुरुवारी पहाटे २ वाजता विमान निघालं आणि साडेनऊ तासांनी पॅरिसला उतरलं. तिथल्या घड्याळात किती वाजले असतील?

बहुतेक मुलं साडेअकरा म्हणतात. साडेअकरा हे नाशिकचं घड्याळ. त्यातून साडेतीन तास वजा केले की सकाळचे ८.

आता प्रश्न उलटा करा : हेच विमान पकडायला नाशिकहून कधी निघायचं? विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे रात्री ११ वाजता पोहोचायला हवं. घाट आणि मुंबईची वाहतूक धरून रस्त्यासाठी पाच तास. म्हणजे संध्याकाळी ६ वाजता, आणि तेसुद्धा गुरुवारी नव्हे, बुधवारी! तिकिटावर गुरुवार छापलेला असतो आणि घर बुधवारी सोडायचं असतं. इथे मोठी माणसंही गोंधळतात, त्यामुळे या उदाहरणाला घाई करू नका. प्रकल्पाचं सूत्र इथेच मुलांच्या हाती लागतं : शेवटची वेळ पक्की करायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

तासिका २ : दोरीवरची कार्डं

वर्गात एक दोरी बांधा. उजव्या टोकाला 'शर्यत : शनिवार १३ जून २०२६, दुपारी ४' हे कार्ड लावा. प्रत्येक गटाला बाकीची दहा कार्डं द्या :

१. मुलांचे पासपोर्ट काढणे
२. शाळेचा विचार
३. शर्यतीचं तिकीट
४. तंबूच्या जागेचं आरक्षण
५. विमानाचं आरक्षण
६. प्रवास विमा
७. व्हिसाचा अर्ज
८. तंबू उभारण्याचा सराव
९. सामानाचं वजन
१०. नाशिकहून निघणे

कार्डं उजवीकडून डावीकडे, म्हणजे शर्यतीकडून आजकडे लावायची. एकच अट : कार्ड लावताना 'याच्या आधी काय झालेलं असायला हवं?' हे बोलून दाखवायचं.

या चर्चेत शिक्षकांना खालील नियम माहीत असावेत.

फ्रान्सचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि साधारणपणे १५ दिवस आधीपर्यंत तो केलेला असावा लागतो. ११ जूनचा प्रवास धरला तर ११ डिसेंबर ते २७ मे अशी मुदत मिळते. हे कॅलेंडरवर मुलांनाच मोजू द्या. 'मग २७ मेला करू' असं कोणी म्हणालं, तर कागद कमी पडले तर काय, एवढंच विचारा.

पासपोर्ट शेंगेन देशांमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. १५ जूनला परत निघायचं असेल तर निदान १५ सप्टेंबरपर्यंत. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण लहान मुलांचा साधारण पाच वर्षांचाच. आईबाबांचे पासपोर्ट ठीक आणि मुलाचा संपत आलेला, असं अनेक घरांत होऊ शकतं. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, त्यामुळे हे काम आधी उरकता येतं.

शर्यतीचं तिकीट आणि तंबूची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्गाभोवती तंबूंसाठी वेगवेगळी मैदानं आहेत आणि चांगल्या जागा कित्येक महिने आधी संपतात. नुसतं तिकीट घेतलं तर शर्यत दिसेल, पण पाठ टेकायला जागा नसेल.

माझ्या वर्गात खरा वाद झाला तो व्हिसा आणि विमानाच्या कार्डांवर. एक गट म्हणे, "व्हिसा आधी, नाहीतर तिकिटाचे पैसे बुडतील." दुसरा म्हणे, "कुठे राहणार, कसे येणार, हे दाखवल्याशिवाय व्हिसा कोण देईल?" दोघांचंही बरोबर आहे. व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचं आरक्षण, मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा विमा लागतो. मार्ग असा की रद्द करता येईल असं आरक्षण करायचं आणि पैसे परत मिळण्याची अट पैसे भरण्यापूर्वी वाचायची. 'अटी वाचणे' हे अकरावं कार्ड मुलांनीच तयार केलं.

'शाळेचा विचार' या कार्डाकडे आधी कुणी पाहिलंच नाही. शर्यत संपते रविवारी १४ जूनला, आणि आपल्याकडे शाळा साधारण १५-१६ जूनच्या सुमारास उघडतात. म्हणजे शाळेचे पहिले दिवस बुडणार! मग जायचं का? इथे शिक्षकांनी निकाल देऊ नये. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाक्यं लिहून आणायला सांगा. मराठीची तासिका आपोआप होते.

तासिका ३ : पिशवीचं वजन

समजा चौघांचं कुटुंब आहे आणि विमानात प्रत्येकी २३ किलो सामान चालतं. एकूण ९२ किलो. वर्गाने धरलेली वजनं अशी :

तंबू ६ किलो
स्लीपिंग बॅग ४ × १.५ = ६ किलो
मॅट ४ × ०.५ = २ किलो
भांडी ३ किलो
खाण्याचे पदार्थ ८ किलो
कपडे ४ × ६ = २४ किलो
रेनकोट आणि बूट ४ × १.५ = ६ किलो
एकूण ५५ किलो

मुलं खूश होतात, ९२ पेक्षा किती कमी! आता विचारा : विमानतळावरून रेल्वे, ल माँच्या स्टेशनवरून ट्राम, पुढे पायी. हे उचलणार कोण? मोठ्यांनी प्रत्येकी १५ आणि मुलांनी प्रत्येकी ५ किलो धरले तरी ४० किलोच होतात. विमान ९२ किलो उचलतं, आपण नाही उचलत. मग १५ किलो कमी करायचे. आमच्या वर्गाने कपडे निम्मे केले (१२ किलो) आणि खाण्याचे पदार्थ ३ किलोंनी कमी केले. तुमच्या वर्गाचं उत्तर वेगळं येईल, आणि तेही बरोबर असेल. पाच किलोची दप्तरं पाठीवर घेऊन मैदानाला एक फेरी मारायला लावा, म्हणजे आकडा खांद्याला कळतो.

मग 'काय नेता येत नाही' याची यादी. स्टोव्हचा गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही, तो तिथे जाऊनच घ्यायचा. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. तूप, पनीर, खवा राहिले घरी. पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी चालेल.

ताज्या फळांचा नियम तर आपल्या मुलांसाठीच आहे असं वाटतं. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन सोडून इतर ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. निफाड-दिंडोरीची द्राक्षं कंटेनर भरून युरोपला जातात ती हेच प्रमाणपत्र घेऊन. जूनमध्ये आपला द्राक्षांचा हंगाम संपलेला असतो, पण समजा असता, तरी पिशवीतून एक घडसुद्धा असाच नेता आला नसता. ज्यांच्या घरी बाग आहे त्या मुलांनी या ठिकाणी वर्गाला शिकवलं : फवारणीची नोंद, तपासणी, पॅकिंग. किडीला सीमा कळत नाही म्हणून माणसाने नियम केले, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं.

तासिका ४ : पैसे, जपून

सोपं जावं म्हणून १ युरो = १०० रुपये धरा. शेंगेन व्हिसाचं शुल्क १२ वर्षांपासून पुढे ९० युरो, आणि ६ वर्षांपासून १२ पूर्ण होईपर्यंत ४५ युरो. आईबाबा आणि ८ व १० वर्षांची दोन मुलं असतील तर ९० + ९० + ४५ + ४५ = २७० युरो, म्हणजे २७,००० रुपये. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. आता मोठी बहीण १२ वर्षांची झालेली असेल तर? वाढदिवसाची तारीख पैशात किती फरक पाडते, हे मुलांना गमतीचं वाटतं. विम्याचे ३०,००० युरो म्हणजे ३० लाख रुपये, हा आकडा अंकांत आणि अक्षरांत लिहून घ्या. विमानाचा आणि तंबूच्या जागेचा दर त्या त्या दिवशी पाहून भरू द्या.

ही तासिका नाजूक आहे. बेरीज काही लाखांत जाते, आणि वर्गात रोजंदारीवर जाणाऱ्या आईवडिलांची मुलं असतात. म्हणून खर्च 'तुमच्या घरचा' असं कधीही म्हणू नका, 'वर्गाच्या सहलीचा' म्हणा. पालकांच्या उत्पन्नाचा विषय काढू नका. प्रश्न बेरजेपुरता ठेवू नका : सर्वांत मोठा खर्च कोणता? तो कशाने कमी होईल? कोणता खर्च कमी केला तर धोका वाढेल?

माझ्या वर्गातली एक मुलगी बेरीज झाल्यावर म्हणाली, "बाई, एवढ्यात आमच्या शेतात ठिबक बसेल." वर्ग हसला नाही. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना विचारलं, एवढ्यात आणखी काय होईल? घराची गळती थांबेल, ताईचं कॉलेज होईल, विहीर खोल होईल अशी यादी झाली. एका ठिकाणी पैसा गेला की दुसऱ्या ठिकाणी जात नाही, हे अर्थशास्त्र पाचवीच्या मुलांनी मांडलं. आणि तरीही एक मुलगा म्हणाला, "मी मोठा झाल्यावर ठिबकही बसवीन आणि शर्यतही बघीन." हेही फळ्यावर लिहिलं. स्वप्नाला किंमत लिहिली म्हणून ते लहान होत नाही. उलट ते किती वर्षांचं काम आहे, ते कळतं.

तासिका ५ : रात्र, पाळ्या आणि गर्दी

एका गाडीला साधारण तीन चालक असतात. नियम असा की कोणत्याही सहा तासांत एकाने चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. २४ तासांचे दोन-दोन तासांचे १२ भाग करून मुलांना पाळ्यांचा तक्ता बनवायला द्या. पहिली, दुसरी, तिसरी पाळी हे शब्द एमआयडीसीतल्या घरांत रोजचे आहेत. रात्रपाळी करून आलेल्या आईबाबांना दिवसा झोपू का द्यायचं, हेही इथे बोलून घ्या.

मग कुटुंबाच्या पाळ्या. शर्यत रात्रभर चालते, पण मुलांनी रात्रभर जागायचं नसतं. गाड्यांचा आवाज मोठा असतो, म्हणून मुलांना कानावर संरक्षक हवेत. जून असला तरी रात्री गारठा आणि पाऊस असू शकतो.

२०२३ साली शर्यतीला शंभर वर्षं झाली तेव्हा तीन लाखांहून अधिक लोक जमले होते. एवढ्या गर्दीत मूल चुकलं तर? सिंहस्थातल्या हरवले-सापडले केंद्राची माहिती घरातल्या मोठ्यांकडून आणायला सांगा. मग वर्गाने नियम करावेत : ठरलेली भेटीची जागा, खिशात पालकांचा फोन नंबर आणि तंबूच्या मैदानाचं नाव लिहिलेला कागद, चुकल्यावर पळत न सुटता गणवेशातल्या माणसाला गाठणे. १९५५ साली याच शर्यतीत गाडी प्रेक्षकांकडे उडून ऐंशीहून अधिक माणसं दगावली. ते वर्णन मुलांपुढे रंगवू नका, पण कुंपणाच्या आत राहायचं असतं ते कशासाठी, हे जरूर सांगा.

तासिका ६ : आपलं शिबिर

हीच कार्डं आता शाळेच्या मैदानावरील एका रात्रीच्या शिबिरासाठी वापरा. उजव्या टोकाला शर्यतीऐवजी 'डिसेंबरमधला शनिवार'. पासपोर्टऐवजी पालकांचं संमतीपत्र, व्हिसाऐवजी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी, विम्याऐवजी प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर. पावसाळा टाळा, गवतात साप-विंचू असतात. डिसेंबरात निफाडकडचा पारा किती उतरतो ते मुलांना ठाऊक असतं, तेव्हा घोंगड्या आणि चादरींची यादी तीच करतील. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, उजेड आणि मुलींसाठी शिक्षिकेची सोबत यांत तडजोड नको.

मूल्यमापन

लेखी परीक्षा नको. प्रत्येक मुलाला घरातला एक खरा प्रसंग निवडू द्या : मामाच्या लग्नाला जाणे, शिष्यवृत्तीचा अर्ज, वणीच्या गडावर जाणे. शेवटची वेळ ठरवून त्याने मागे मोजत पाच कामं क्रमाने लिहावीत आणि प्रत्येकापुढे 'याच्या आधी काय हवं' हे एक वाक्य. क्रमाचं कारण सांगता आलं तर उद्दिष्ट साध्य झालं. अक्षर आणि चित्रं यांना गुण नकोत.

पालकांसाठी दोन शब्द

खरंच परदेशी जायचा विचार असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. व्हिसा हमखास मिळवून देतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो निर्णय वकिलातीचा असतो. तिकीट आणि तंबूची जागा अधिकृत ठिकाणीच घ्या. आईबाबांपैकी एकच जण मुलासोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आधी तयार ठेवा. नियम आणि शुल्क बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी अधिकृत माहिती पुन्हा पाहा.

आणि जायचं नसेल, तरी पुढच्या वेळी गावाला निघताना बस किती वाजता गाठायची एवढंच मुलाला सांगा. घरातून किती वाजता निघायचं, पिशवी कधी भरायची, अंघोळीला आधी कोण जाणार, हे त्याला ठरवू द्या. पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल. पुढच्या वेळी ते मूल आणखी थोडं मागून मोजेल.